कधीच न अडणारी सिस्टीम

धाकट्याची चाळिशी उलटली, कपाळ वर सरकत सरकत टाळूला जाऊन भिडलं, तरी लोक त्याला धाकट्याच म्हणायचे. दुकानाच्या पाटीवर त्याने स्वतःचं चांगलं भारदस्त नाव रंगवून घेतलं होतं. पण दारात येणारं गिऱ्हाईक "धाकट्या आहे का?" असंच विचारायचं. हे नाव ताईने पाडलेलं. आई गेली तेव्हा हा जेमतेम चालायला लागला होता आणि ताई स्वतः शाळेत होती. तिने शाळा सोडली आणि याला शाळेत घातलं. पुढे आयुष्यभर तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि याला काही नाही म्हटलं नाही. भावाबहिणीत एवढी माया असली की काय होऊ शकतं, ते आता सांगतो. त्याच्या हातून जे झालं ते काही वाईट बुद्धीने झालं नाही. तसं असतं तर निदान त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. जिन्याखालची खोली, उघडे पडलेले डबे, कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेल्या वायरी, आणि सोल्डरिंगचा तो उग्र वास. ताई आली की नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "अरे, इथे माणसं येतात की भुतं?" तो म्हणायचा, "भुतंच येतात. माणसं नवीन घेतात, जुन्यातली भुतं माझ्याकडे पाठवतात." मग दोघं हसायची. ताईचं हसणं मोठं होतं, जिन्यावरून जाणारा माणूस वाकून बघायचा.

कामात धाकट्याला एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे अडलेला पडदा. कॉम्प्युटर हळू चालला तर तो चालवून घेई, आवाज केला तर कापसाचे बोळे लावून गप्प करी. पण मध्येच गोठलेला पडदा पाहिला की हातातलं सगळं टाकून तो त्याच्याच मागे लागायचा. त्यालाही कारण होतं. उमेदीच्या काळात त्याने बसच्या तिकिटाच्या खिडकीवर एक सिस्टीम बसवून दिली होती. नेमक्या गर्दीच्या दिवशी ती अडली. रांग रस्त्यापर्यंत गेली, लोक काचेवर थापा मारायला लागले, आणि तिथल्या साहेबाने याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्या रांगेत ताई उभी होती. घरी आल्यावर तिने नुसतं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने तो जास्तच खजील झाला. तेव्हापासून त्याने मनाशी गाठ बांधली की आपण लावलेली मशीन पुन्हा कधी अडायची नाही.

ताई कामाला होती सफरचंदांच्या गोदामात. हे गोदाम साधं नव्हतं. तिथे फळं झोपवून ठेवत. मोठमोठ्या थंड खोल्या, जाड दारं, आणि आतल्या हवेतला ऑक्सिजन काढून नायट्रोजन भरलेला. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन शंभरात एकवीस भाग असतो. त्या खोल्यांत दोनच ठेवायचे. त्यामुळे फळ महिनोन् महिने जसंच्या तसं राहतं, पण माणूस राहत नाही. वास येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. आत गेलेला माणूस एक-दोन श्वास घेतो आणि त्याचे गुडघे दुमडतात. हाक मारायलाही उसंत मिळत नाही.

म्हणून प्रत्येक खोलीत एक सेन्सर बसवलेला होता. त्याची वायर बाहेरच्या बोळात ठेवलेल्या कॉम्प्युटरपर्यंत यायची आणि त्याच्या पोटातल्या एका कार्डात खोचलेली असायची. पडद्यावर प्रत्येक खोलीचा आकडा दिसायचा. दोन म्हणजे जाऊ नका, एकवीस म्हणजे खुशाल जा. खोल्या उघडायच्या-लावायच्या त्या ताईने. एवढ्या वर्षांत तिने कुणाला ओरखडा येऊ दिला नव्हता.

याचं कारण तो कॉम्प्युटर नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. कारण होती एक मेणबत्ती. प्रत्येक खोलीला मोठ्या दाराशेजारी कमरेएवढ्या उंचीवर एक लहान दार असायचं, वाकून रांगत जाता येईल एवढं. नमुन्याची दोन-चार फळं काढायला ते उघडत. ताईने एका लांब सळईच्या टोकाला मेणबत्ती बांधलेली होती. पडद्यावर एकवीस असो की एकशे एकवीस, ती आधी लहान दार उघडायची, मेणबत्ती पेटवून सळई आत सरकवायची आणि बघत बसायची. ज्योत राहिली तर माणूस जाईल. विझली तर दार बंद. जुना कॉम्प्युटर इतक्या वेळा अडायचा की त्याच्यावर विसंबून राहण्याची सोयच नव्हती. वैतागून का होईना, सगळे मेणबत्तीच्या आधाराने जगत होते.

आणि मग मॅनेजरने धाकट्याला बोलावलं.

"सारखी बंद पडते रे ही," तो म्हणाला. "गाड्या दारात उभ्या, माल आत, आणि आम्ही इथे पडद्यापुढे आरती केल्यासारखे उभे. काहीतरी कायमचं कर. ताईंचा भाऊ आहेस म्हणून सांगतोय, नाहीतर मोठी कंपनीच बोलावणार होतो."

ताईंचा भाऊ म्हटल्यावर धाकट्याचा ऊर भरून आला. त्याने जुना कॉम्प्युटर उचलून दुकानात आणला, गोदामात तेवढ्यापुरता दुसरा जुनाट डबा लावून दिला आणि कामाला लागला.

आता कॉम्प्युटरच्या डब्याला आणि कार्डाला जिवंत करते ती ऑपरेटिंग सिस्टीम. धाकट्यापुढे तीन होत्या, आणि त्याने त्यांना नावं ठेवली होती. पहिली म्हातारी. ती गोदामाबरोबरच आलेली, मूळची. तिला कार्ड ओळखू यायचं, वायरी ओळखू यायच्या, पण तिचं वय झालं होतं. थोडं काम झालं की ती दम टाकायला बसायची आणि उठायची नाही. दुसरी महाराणी. बाजारात नुकतीच आलेली, दिसायला देखणी. तिला आधी नवा डबा हवा, जास्त मेमरी हवी, आणि एवढं देऊनही ती त्या कार्डाकडे बघायला तयार नव्हती. कार्ड आणि सिस्टीम यांच्यात दुभाष्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे महाराणीच्या भाषेतला दुभाष्या कुणी घडवलाच नव्हता. धाकट्याने तिची खूप मनधरणी केली. शेवटी हात टेकले.

तिसरी फुकटी. इंटरनेटवरून कुणीही उतरवून घ्यावी अशी, कुणाच्याच मालकीची नसलेली. तिच्यासाठी जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या एका हौशी माणसाने नेमका याच कार्डाचा ड्रायव्हर लिहून ठेवला होता. धाकट्याने ती चढवली आणि तिने सगळ्यांना ओळख दिली: कार्डाला, जुन्या पडद्याला, कळा झिजलेल्या कीबोर्डला, इतकंच काय, बरीच वर्षं कुणालाच दाद न देणाऱ्या प्रिंटरलाही. धाकट्याला ती सूनबाई म्हणून घरात आणावीशी वाटली. ताईला तो तसं म्हणालाही. ताई म्हणाली, "आण बाबा, खरी तर काही येत नाही."

मग त्याने तिची परीक्षा घेतली. नुसतं चालवून बघून सोडून देणारा तो नव्हता. डब्यावर केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारली, मग बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. शेजारी मिक्सर चालू करून टेबल हादरवलं. वीज मध्येच तोडली, परत दिली. म्हातारी अशा छळात केव्हाच मेली असती. फुकटी तरली. फक्त एकाच जागी ती अडायची. थंडीने, ओलाव्याने, हादऱ्याने कार्डाची वायर क्षणभर सैल झाली, आणि सिस्टीमने आकडा विचारल्यावर कार्ड गप्प राहिलं, की फुकटी हातातलं काम टाकून द्यायची. पडद्यावर एक ओळ यायची, "कार्ड उत्तर देत नाही," आणि कुणी कळ दाबेपर्यंत ती तशीच ताटकळत उभी राहायची.

गोदामात वायरी अशा क्षणभर सैल होतच असत. म्हणजे फुकटीही अडणार. म्हणजे मॅनेजर पुन्हा तोंड सोडणार, गाड्या पुन्हा दारात, आणि ताई पुन्हा बघणार. धाकट्याने पडद्यावरची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ड्रायव्हर उघडा होता, कुणीही बदलावा असा. त्याने त्यात थोडा बदल केला. कार्डाने उत्तर नाही दिलं तर अडू नकोस, आधीचा आकडाच दाखव, पुढे चल आणि पुन्हा विचार. क्षणभराचाच तर प्रश्न होता. क्षणाने वायर जागेवर येणार, खरा आकडा दिसणार, कुणाला पत्ताही लागणार नाही. त्याने पुन्हा सगळा छळ करून बघितला. फुकटी एकदाही थांबली नाही.

तो क्षण लांबला तर काय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. एवढा बारकाईने काम करणारा माणूस, मिक्सर लावून टेबल हादरवणारा, पण हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला त्याचा राग येतो, आणि दयाही येते.

फुकटी गोदामात बसली आणि धाकट्याचं नाव झालं. आठवडे गेले, ती अडली नाही. ऋतू पालटला, ती अडली नाही. पडद्यावर आकडे, खाली घड्याळ, घड्याळाचे सेकंद टकाटक पळतायत. बोळातून जाता-येता प्रत्येक जण तिच्याकडे कौतुकाने बघायचा. पेट्या उचलणारी गाडी चालवणारा गाडीवाला तर येता-जाता पडद्याला सलाम ठोकायचा. मॅनेजर येईल त्याला सांगायचा, "आमच्याकडे एकदाही बंद पडलेली नाही." माणसं कशाची सवय करून घेतील याचा नेम नसतो. पूर्वी बोळात शिरलं की लोक एकमेकांना विचारायचे, ही खोली उघडलीय का, ती लावलीय का, गॅस कधी सोडला. हळूहळू ते विचारणं थांबलं. पडद्यावर दिसतंच आहे की, मग तोंड कशाला दुखवायचं.

ताई मात्र मेणबत्ती लावत राहिली.

एक दिवस दुसऱ्या एका गोदामाचे मालक ही सिस्टीम बघायला आले. धाकट्या इस्त्रीचा शर्ट घालून हजर होता. तो त्यांना तिन्ही सिस्टीमची गोष्ट रंगवून सांगत होता, म्हातारीने काय केलं, महाराणीने काय नखरे केले, आणि पाहुणे मान डोलावत होते. तेवढ्यात पलीकडून ताई आली, हातात सळई, टोकाला मेणबत्ती. तिने लहान दार उघडलं, काडी ओढली आणि सळई आत सरकवली. पाहुण्यांपैकी एक जण हसला. "एवढी हुशार सिस्टीम आणि वर मेणबत्ती? बाईंचा भावावर विश्वास दिसत नाही," तो म्हणाला. बाकीचेही हसले. मॅनेजरही हसला. धाकट्याचा चेहरा पडला. कुणीतरी पुन्हा त्या तिकिटाच्या खिडकीवर थाप मारल्यासारखं त्याला झालं.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. जेवायला बसला, पण भाजी चिवडत राहिला.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"तोंड बघ आरशात. काही नाही म्हणे."

"तू आज सगळ्यांपुढे माझी शोभा केलीस, ताई. मी जिवाचं रान करून ती सिस्टीम उभी केली. बाहेरचे लोक विश्वास ठेवतात. तूच ठेवत नाहीस."

ताई हसली नाही. "अरे, सवय आहे माझी. हाताला सवय आहे."

"सवय मोड मग. की मी आयुष्यभर तुझ्यासाठी तिकिटाच्या खिडकीवरचाच धाकट्या राहणार?"

हे बोलून तो हात धुवायला उठला. परत आला तेव्हा ताईने त्याच्या ताटात भाजी पुन्हा वाढलेली होती. "बस, जेव," ती म्हणाली. "तुझ्यावर नाही ठेवायचा विश्वास तर कुणावर ठेवायचा? नाही लावत उद्यापासून." त्याने जेवण केलं, आणि अगदी पोटभर केलं. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ताईने सळई बोळाच्या कोपऱ्यात उभी केली आणि मेणबत्ती टेबलाच्या खणात टाकली. तिथे ती पडून राहिली.

त्यानंतरही फुकटी अडली नाही.

मग माल बाहेर काढायचे दिवस आले. मागच्या खोलीचा माल आधी जायचा होता. ताईने पंखे लावून खोलीतला गॅस बाहेर काढला, बाहेरची हवा आत घेतली, आणि पडद्यावर त्या खोलीचा आकडा दोनवरून चढत चढत एकवीसवर आला. त्याच पंख्यांच्या हादऱ्याने कार्डात खोचलेली मागच्या खोलीची वायर सुटली. या वेळी ती क्षणभर सैल होऊन परत बसली नाही, पूर्णच निसटली आणि लोंबत राहिली. पडद्यावर एकवीस होते. एकवीसच राहिले.

माल न्यायला येणारी गाडी वाटेत बंद पडली. ताईची पाळी संपली, ती घरी गेली. संध्याकाळी मॅनेजरला फोन आला की गाडी आज येत नाही, कदाचित उद्याही नाही. फळं उघड्या हवेत ठेवून चालणार नव्हतं. त्याने रात्रपाळीच्या माणसाला सांगितलं, "मागची खोली पुन्हा लाव आणि गॅस सोड." गॅस काढलेल्या खोलीचंही दार थंडी टिकावी म्हणून लोटलेलंच असायचं, त्यामुळे बाहेरून फरक कळत नसे. त्या माणसाने ते घट्ट लावलं, नायट्रोजनच्या यंत्राचा काटा बघितला, ठरल्याप्रमाणे गॅस सोडला, आणि बोळातल्या पडद्याकडे न बघता आपल्या खुर्चीत जाऊन बसला. कशाला बघेल? ती काय कधी चुकणार होती? सकाळी ताईला निरोप द्यायला हवा, हे मॅनेजरच्या मनात आलं होतं. मग त्याला वाटलं, पडद्यावर दिसेलच की तिला.

त्या सकाळी धाकट्या दुकानात होता. त्या पाहुण्यांच्या गोदामासाठी त्याने तशीच दुसरी फुकटी तयार केली होती. तसंच कार्ड, तसाच ड्रायव्हर, टेबलावर एक सुटा सेन्सर. पडद्यावर एकवीस, खाली घड्याळ. शीळ घालत तो पंख्याचा प्लग काढायला वाकला आणि त्याचं कोपर लागून सेन्सरची वायर कार्डातून उपटली गेली. त्याने ती हातात धरली. मग वर बघितलं.

एकवीस. घड्याळाचे सेकंद पळत होते.

हे त्याला नवीन नव्हतं, त्यानेच तसं लिहिलं होतं. तो वायर परत खोचणार, तेवढ्यात त्याचा हात थांबला. सैल झालेली वायर परत जागेवर येते असं तो आजवर धरून चालला होता, आणि इथे वायर त्याच्या हातात होती आणि परत जात नव्हती. त्याने सेन्सर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंड आवळलं, त्यात पुन्हा पुन्हा श्वास सोडला. एकवीस. पिशवी टेबलावर टाकली. एकवीस. 

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. गोदामात आत जाताना फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम होता, हे त्याला माहीत होतं, तरी त्याने पुन्हा लावला. मग मॅनेजरला लावला.

"बोल रे," मॅनेजर म्हणाला. "तुझी आठवण काढली की चहा सांगावासा वाटतो."

"साहेब, ताई कुठे आहे?"

"आहे की, आत बोळात. गिऱ्हाईकाला नमुना हवाय, तो काढायला गेली असेल."

"कुठल्या खोलीतला?"

"मागच्या. का रे, काय झालं? तुझी सिस्टीम झकास चालू आहे. मी इथूनच केबिनच्या काचेतून बघतोय ना, मागच्या खोलीत एकवीस दा..."

तिथे मॅनेजर थांबला. धाकट्याला फोनमधून त्याचा श्वास ऐकू आला. मग मॅनेजर अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण ती तर आम्ही काल लावली."

फोन पडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला, आणि मग नुसती खरखर.

धाकट्या स्कूटरवरून गोदामात कसा पोचला ते त्याला आजही आठवत नाही. बोळात शिरला तेव्हा मागच्या खोलीचं मोठं दार आत वाकलेलं होतं आणि गाडीवाल्याची गाडी त्यात अडकून उभी होती. गाडीवाल्याला लहान दारातून ताईच्या चपला दिसल्या होत्या. तो आत रांगत गेला असता तर तोही तिथेच आडवा झाला असता. त्याने तेवढं डोकं ठेवलं, गाडी मागे घेतली आणि सगळा जोर लावून मोठं दार फोडलं. पंखे लावले, तोंडावर ओला टॉवेल दाबून, श्वास रोखून ताईला पायांना धरून ओढत आणलं. ती बोळात जमिनीवर होती. ओठ जांभळे. ओच्यात गोळा केलेली दोन सफरचंदं कुठेतरी घरंगळत गेली होती. छाती हलत होती, पण मोठमोठ्या अंतराने.

"ताई," धाकट्या म्हणाला. "ताई, मी आलोय."

गाडीवाला भिंतीला टेकून रडत होता. "मी विचारलं होतं हो त्यांना," तो म्हणत होता, "मेणबत्ती लावू का म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, नको, धाकट्याला वाईट वाटतं."

भिंतीवरच्या पडद्यावर मागच्या खोलीचा एकवीस होता, आणि खाली घड्याळ चाललं होतं.

ताई वाचली. डॉक्टरांनी तसंच सांगितलं, वाचली. मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नाही, तेव्हा काय परत येईल आणि काय नाही ते बघायचं. चालणं परत आलं, हळूहळू, भिंतीला धरून. हातात चमचा धरणं आलं. बोलणं आलं, पण फक्त दोन शब्द आले.

धाकट्या तिला आपल्या घरी घेऊन आला. दुकान बंद केलं नाही, पोट कुठे बंद होतं. पण त्याने बसवलेल्या सिस्टीम आता अडतात. कार्ड गप्प राहिलं, वायर हलली, जरा शंका आली, की पडदा काळा होतो, भोंगा वाजतो आणि कुणी येऊन हाताने बघेपर्यंत काही चालत नाही. लोक कुरकुर करतात. परवा एक जण दुकानात येऊन तडतडला, "तुमच्याइतकी अडणारी मशीन कुणाचीच नाही. काय फायदा मग?" धाकट्या म्हणाला, "काही फायदा नाही. दुसरीकडून घ्या." तो माणूस पुटपुटत गेला. टेबलामागे भिंतीला एक सळई टेकवलेली आहे, टोकाला अर्धी जळलेली मेणबत्ती. तिचं काय करता, असं कुणी विचारलं तर तो ऐकू न आल्यासारखं करतो.

सकाळी तो ताईला उठवतो, वेणी घालतो. वेणी त्याला नीट जमत नाही. एके काळी ती त्याला भांग पाडून द्यायची, तशी हनुवटी धरून तो तिचा चेहरा वर करतो.

"ताई, झोप लागली का?"

"बरं आहे," ताई म्हणते.

"भूक लागलीय?"

"बरं आहे."

मध्यंतरी एकदा तो आत स्वयंपाकघरात होता. बाहेरून काही आवाज आला नाही. येऊन बघतो तर चहाचा कप तिच्या मांडीवर कलंडलेला, चहा उकळता, हातावर लाल फोड उठत होते. ती खिडकीतून बाहेर बघत होती. "ताई, भाजलं का ग?" तो धावत जाऊन म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं, पूर्वीसारखंच मायेने, आणि म्हणाली, "बरं आहे."

तेव्हापासून तो तिला विचारतो, पण उत्तराची वाट बघत नाही. उठतो, जवळ जातो, कपाळाला हात लावतो, तळवे उलटे करून बघतो, पाय गार आहेत का ते चाचपतो. दिवसातून कितीतरी वेळा. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी मध्येच उठून घरी जाऊन येतो. ताई त्याच्याकडे बघते आणि तेच म्हणते, आणि तो "हो, हो" म्हणत तिचे हात चाचपत राहतो.